व्हिन्सेंटचं प्रमोशन

गेल्या शुक्रवारी आमच्या हापिसात 'लीडरशिप' शिकवायला एक गृहस्थ आले होते. वर्ष-दीड वर्षात टीम लीड झालेल्या आम्हा पंधरा जणांना सकाळी नऊपासून एका खोलीत डांबलं होतं. आधी नावं सांगायचा खेळ झाला, मग डोळ्यांवर पट्टी बांधून एकमेकांवर विश्वास ठेवायचा खेळ झाला. (माझ्या जोडीदाराने मला थेट टेबलावर नेऊन आपटलं, पण ते असो.) जेवणात गुलाबजाम होते. साहजिकच अडीचच्या सुमारास निम्मी खोली पेंगायला लागली, आणि नेमका तेव्हाच साहेबांनी 'गॉडफादर' काढला.

मी ताडकन जागा झालो. गॉडफादर म्हणजे आपला हळवा कोपरा. कॉलेजात सबमिशनच्या आदल्या रात्री फायली पूर्ण करायच्या सोडून आम्ही तो बघायचो.

साहेबांनी दोन तुकडे दाखवले. पहिल्यात सॉनी, म्हणजे थोरला भाऊ, संतापाने गाडी पिटाळत टोलनाक्यावर येतो आणि तिथे त्याची चाळण होते. दुसऱ्यात धाकटा मायकेल. जबडा सुजलेला, पण खुर्चीत निवांत बसून तो शांत आवाजात सांगतोय की सोलोझो आणि तो पोलीस कॅप्टन, दोघांनाही मी मारतो. मग पडद्यावर मोठ्या अक्षरांत बोधवाक्य आलं. तापट माणूस मरतो, थंड डोक्याचा माणूस लीडर होतो. सगळ्यांनी माना डोलावल्या. दोघांनी वहीत लिहून घेतलं!

मागून कुणीतरी विचारलं, "सर, पण तापट माणसाला लीडर व्हायचं असेल तर?"

"त्याने मॅच्युअर व्हायचं," साहेब म्हणाले.

मी हात वर केला. "सर, तिसऱ्या भागात नेमकी हीच गोष्ट आहे. सॉनीचा मुलगा व्हिन्सेंट. बापासारखाच तापट. तो मॅच्युअर होतो आणि डॉन होतो. त्याला त्याची काय किंमत मोजावी लागते, ते..."

"तिसरा भाग फालतू आहे," साहेब म्हणाले. खोली हसली. चहा आला.

तिथे मी गप्प बसलो. (का, ते पुढे सांगतो. तोच खरा मुद्दा आहे.) पण शनिवारी उठल्यापासून डोक्यात तेच घोळतंय, म्हणून हे लिहायला बसलोय. माझं म्हणणं सरळ आहे. गुन्हेगारी सिनेमातला तापट पोरगा 'परिपक्व होऊन' म्होरक्या बनतो ही गोष्ट आपण उलटी वाचतो. त्याचा राग जात नाही. ज्या माणसांसाठी त्याला राग यायचा, ती माणसं जातात. आणि ह्याला परिपक्वता म्हणणं ही शुद्ध फसवणूक आहे.

ज्यांनी हे सिनेमे पाहिले नसतील त्यांनी आधी पाहून या. पुढे सगळ्यांचे शेवट सांगणार आहे.

सुरुवात सॉनीपासूनच करू, कारण साहेबांनी तिथूनच केली होती. १९७२ च्या पहिल्या भागात सॉनीचा मेव्हणा कार्लो बायकोला मारतो. ती बायको म्हणजे सॉनीची सख्खी बहीण कॉनी. तिच्या अंगावरचे वळ बघून सॉनीचं डोकं फिरतं. तो कार्लोला भर रस्त्यात गाठतो आणि लाथा, बुक्क्या, कचऱ्याच्या डब्याचं झाकण, जे हाताला लागेल त्याने तुडवतो. जाताना दम देतो की पुन्हा हात लावलास तर जीव घेईन. आणि निघून जातो. कार्लो रस्त्यावर कण्हत पडलेला असतो, पण जिवंत असतो.

आता त्याच कार्लोकडे मायकेल कसा बघतो ते बघा. मायकेल ओरडत नाही. तो कार्लोला म्हणतो, तू लास वेगासला माझा उजवा हात होशील. कार्लोच्या मुलाचा गॉडफादर म्हणून तो चर्चमध्ये उभा राहतो, आणि आत बाप्तिस्मा चालू असताना बाहेर त्याची माणसं बाकीच्या घराण्यांच्या म्होरक्यांचे मुडदे पाडत असतात. मग तो कार्लोकडे जातो. घाबरू नकोस म्हणतो, तुझी शिक्षा एवढीच की तू धंद्यातून बाहेर, हे घे विमानाचं तिकीट. कार्लो गाडीत बसतो आणि मागच्या सीटवरून त्याचा गळा आवळला जातो. कॉनी आक्रोश करत येते. मायकेलची स्वतःची बायको विचारते, हे खरं आहे का? तो तिच्या डोळ्यांत बघून 'नाही' म्हणतो.

एकच मेव्हणा आणि दोन भाऊ. तापट भावाने त्याला जिवंत सोडला. थंड डोक्याच्या भावाने त्याच्या पोराचा बाप्तिस्मा केला आणि त्याच दिवशी त्या पोराला पोरकं केलं. आता मला सांगा, ह्यातलं वहीत नक्की काय लिहून घ्यायचं?

इथे कुणीतरी म्हणेल की कार्लोनेच तर सॉनीला दगा देऊन मारवलं, त्याला शिक्षा झाली तर बिघडलं काय? मान्य. पण मी न्याय-अन्यायाचं बोलतच नाहीये. हे सगळे खुनी आहेत, त्यात न्याय शोधायला गेलो तर रविवार पुरणार नाही. सॉनीचा राग कुठून येतो, एवढंच बघा. बहिणीच्या अंगावरच्या वळांतून येतो. टोलनाक्यावरही तो तिच्यासाठीच धावत सुटलेला असतो. शत्रूला हे नेमकं ठाऊक असतं, म्हणून तो तिलाच आमिष करतो. सॉनी तापट आहे म्हणून मेला, हे अर्धंच खरं. त्याचं कुणावर तरी इतकं उघड प्रेम आहे म्हणूनही तो मेला. साहेबांच्या बोधवाक्यात हा उरलेला अर्धा भाग नव्हता.

आता व्हिन्सेंट.

तिसरा भाग १९९० च्या नाताळात आला. त्याला नावं ठेवायची पद्धतच आहे. रॉबर्ट ड्युवाल नाही, सोफिया कोपोलाला अभिनय येत नाही, व्हॅटिकनच्या बँकेची भानगड डोक्यावरून जाते. बऱ्याच अंशी खरंय. २०२० मध्ये कोपोलाने तो नव्याने संकलित करून वेगळ्या नावाने पुन्हा आणला, तरी लोकांचं मत फारसं बदललं नाही. व्हिन्सेंटबद्दलची तक्रार ठरलेली असते. काल कान चावणारा पोरगा आज अचानक डॉन कसा होतो? एवढ्या लवकर माणूस सुधारतो का?

अहो, पण तो सुधारतो असं तुम्हाला सांगितलं कुणी?

गोष्ट १९७९ पासून सुरू होते. व्हिन्सेंट मॅन्सिनी हा सॉनीचा अनौरस मुलगा. पहिल्या भागातल्या लग्नात सॉनी ज्या करवलीबरोबर वरच्या खोलीत सापडतो, त्या ल्यूसीचा. सुटाबुटातल्या पार्टीत हा चामड्याचं जाकीट घालून घुसतो. त्याचं त्याच्या मालकाशी, जोई झाझाशी, भांडण असतं. मायकेल दोघांना मिठी मारून मिटवा म्हणतो. झाझा कानात शिवी देतो आणि व्हिन्सेंट त्याचा कान चावतो. पुढे मायकेल हॉस्पिटलात असताना हा घोड्यावरचा पोलीस बनून भर जत्रेत झाझाला गोळ्या घालतो. कॉनी आणि अल नेरीची त्याला फूस असते, पण मायकेलला पत्ता नसतो. आमच्या भाषेत सांगायचं तर चेंज रिक्वेस्ट न टाकता, कुणाची अप्रूव्हल न घेता, पोराने थेट प्रॉडक्शनवर डिप्लॉयमेंट केलं. मायकेल भडकतो. पण काय म्हणून भडकतो ते नीट ऐका. माणूस मारलास म्हणून नाही. मला न विचारता मारलास म्हणून!

आणि मग व्हिन्सेंटचं ट्रेनिंग सुरू होतं. त्याचा अभ्यासक्रम बघा.

पहिला धडा, शत्रूचा द्वेष करू नकोस, त्याने निर्णय चुकतात. वाक्य झकास आहे, कुठल्याही ट्रेनिंगच्या पडद्यावर शोभेल. पण शत्रूला माफ कर असं त्यात कुठे आहे? मारताना नेम चुकू देऊ नकोस, एवढाच त्याचा अर्थ. दुसरा धडा, काय वाटतंय ते तोंडावर दिसू देऊ नकोस. तिसरा धडा प्रात्यक्षिकाचा. म्हाताऱ्या ऑल्टोबेल्लोकडे जा, काकाशी बिनसल्याचं नाटक कर, त्याचा विश्वास कमव आणि खबर काढ. व्हिन्सेंट तिन्ही पेपर पहिल्या फटक्यात काढतो. जाकीट जाऊन सूट येतो, केस चापून बसतात, आवाज खाली येतो.

मग शेवटची तोंडी परीक्षा. मायकेल थकलाय, त्याला गादी सोपवायचीय. एकच अट घालतो. माझ्या मुलीला सोड. मेरी आणि व्हिन्सेंट चुलत भावंडं, त्यामुळे बापाचा विरोध समजण्यासारखाच आहे. पण मायकेल नात्याचं कारण देत नाही. धोक्याचं देतो. शत्रू येतात ते तुमच्या आवडत्या माणसावरच येतात, हे त्याने आधीच सांगून ठेवलेलं असतं. (टोलनाका आठवा.) व्हिन्सेंट हो म्हणतो. भांडत नाही, हात आपटत नाही, चोवीस तास द्या असंही म्हणत नाही. ज्या पोराने एका शिवीसाठी कान चावला, तो प्रेमाच्या माणसासाठी साधा आवाजही चढवत नाही. पुढच्या मिनिटाला लोक त्याच्या हाताचं चुंबन घेतात आणि मॅन्सिनीचा कॉर्लिओनी होतो.

ह्याला तुम्ही घाई म्हणता? मला तर हा ह्या भागातला सगळ्यात खरा प्रसंग वाटतो. प्रमोशनला वेळ लागतोच कुठे? सही करायला लागेल तेवढाच. सहीच्या आधी आपण काय काय सोडून बसलोय हे मोजायला मात्र पुढची वर्षं लागतात.

आणि परिपक्व झालेल्या व्हिन्सेंटने केलं काय? चामड्याच्या जाकिटातला व्हिन्सेंट स्वतःच्या हाताने मारायचा. घरात घुसलेले दोन मारेकरी, मग झाझा. सुटातला व्हिन्सेंट पालेर्मोच्या ऑपेरात छान बसलेला असतो आणि त्याच्या हुकमाने एका रात्रीत बँकवाला, राजकारणी आणि आर्चबिशपसुद्धा मरतात. हाताला रक्ताचा थेंब नाही. हिंसा कमी झाली नाही, फक्त तिचं आउटसोर्सिंग झालं.

आणि जिच्यापासून दूर राहायचं त्याने कबूल केलं, ती मेरी? त्याच रात्री ऑपेराच्या पायऱ्यांवर बापावर झाडलेली गोळी लागून मरते. किंमत वसूल झाली, माल मिळालाच नाही. कोपोलाने नव्या डॉनच्या राज्याचा पुढचा एक दिवसही दाखवलेला नाही. दाखवायचं होतं ते दाखवून झालं होतं.

आता एक गंमत बघा. त्याच १९९० साली तीन महिने आधी स्कॉर्सेसीचा 'गुडफेलाज' आला होता. त्यात टॉमी डेव्हिटो आहे. जो पेशीने केलेला. तापटपणात तो व्हिन्सेंटचाही बाप. दारू आणून देणाऱ्या पोराने उलट उत्तर दिलं म्हणून त्याला गोळी घालतो. बिली बॅट्सने जुन्या बूटपॉलिशवरून टोमणा मारला म्हणून त्याचा मुडदा पाडतो. बॅट्स हा रीतसर दीक्षा घेतलेला माणूस, त्याला हात लावायचा तर वरून परवानगी लागते. ती टॉमीने घेतलेली नसते. वर्षांनंतर निरोप येतो की टॉमी, आता तुलाही दीक्षा मिळणार. पोरगा नटूनथटून, आईचा निरोप घेऊन निघतो. खोलीत शिरतो तर खोली रिकामी. टाळक्यात मागून गोळी.

टॉमी ज्याच्यावर बेतला तो खरा माणूस, थॉमस डिसिमोन, १९७९ च्या जानेवारीत गायब झाला, तो कुणाला कधीच सापडला नाही. आणि कोपोलाचा व्हिन्सेंट पार्टीत घुसतो तेही १९७९ सालीच. ऑस्करला सहाय्यक अभिनेत्याच्या यादीत पेशी आणि व्हिन्सेंट झालेला अँडी गार्सिया शेजारी-शेजारी होते. पेशी जिंकला.

दोघांचा गुन्हा एकच, वरच्याला न विचारता मोठा माणूस मारला. एकाला बढती, दुसऱ्याला गोळी. मग फरक कशाचा? परिपक्वतेचा म्हणाल तर झाझाला मारलं तेव्हा व्हिन्सेंट काडीचाही परिपक्व नव्हता. फरक एवढाच, की व्हिन्सेंटचा काका खुर्चीत बसला होता. आपल्याकडे शनिवारवाड्यात 'काका, मला वाचवा' म्हणत पुतण्या धावला होता. इथे हाक मारायच्या आधीच काकाने वाचवलं. टॉमीला काका नव्हता. तेव्हा 'तापट माणसाने मॅच्युअर व्हायचं' ह्या सल्ल्याच्या तळाशी बारीक अक्षरांत एक अट असते. वरती तुमचं कुणीतरी असेल तरच तुम्हाला मॅच्युअर व्हायची संधी मिळते. बाकीच्यांचा थेट एक्झिट इंटरव्ह्यू.

ह्यावर काहीजण म्हणतील, सोड रे ते इटालियन लोक, आपल्या सिनेमात तसं नसतं. असं कसं? 'सत्या' घ्या. १९९८. भिकू म्हात्रे. आपल्यापैकी अर्ध्यांनी कॉलेजच्या गच्चीवर दोन्ही हात पसरून त्याची नक्कल केलेली आहे. भिकू परिपक्व आहे का? अजिबात नाही. बायकोशी भांडतो, मित्रांच्या गळ्यात पडतो, शिव्या देतो, रडतो. भाऊने, म्हणजे नेत्याने, निवडणुकीपर्यंत गुरु नारायणला हात लावायचा नाही असं बजावलेलं असतं. पण भिकूच्या माणसाचा खून झालेला असतो, त्याला ते गिळता येत नाही. तो मारतोच. मग थंड डोक्याचा भाऊ निवडणूक जिंकेपर्यंत थांबतो आणि विजयाच्या पार्टीत भिकूला गोळी घालतो.

'सत्या'तला खरा लीडर कोण? खुर्ची भाऊकडे, थंड डोकं भाऊकडे, अचूक वेळ साधणंही भाऊचंच. साहेबांच्या पडद्याप्रमाणे भाऊला शंभरपैकी शंभर. पण थिएटरातून बाहेर पडताना भाऊसाठी कुणाचा तरी घसा दाटून आला होता का? सत्या गणपती विसर्जनाच्या गर्दीत शिरून भाऊला भोसकतो, तेही भिकूसाठीच. ज्याच्यासाठी माणसं अशी जीव टाकतात, त्याला लीडर म्हणायचं नाही, तर मग त्या शब्दाचा अर्थ तरी काय?

२००५ च्या 'सरकार'मध्ये तर गॉडफादरचं ऋण उघड मान्य केलंय. तिथेही तापट विष्णू आणि थंड शंकर. थंड भाऊ तापट भावाला संपवतो आणि गादीवर बसतो. मायकेलने दुसऱ्या भागात फ्रेडोचं जे केलं तेच. हे एवढ्यांदा घडतं की आता त्याचं आश्चर्यही वाटेनासं झालंय.

आता थोडं माझ्याच विरुद्ध बोलतो, नाहीतर म्हणाल हा पोरगा बोंबलण्याची तरफदारी करतोय.

तापटपणा हा सद्गुण नाही. सोलोझोच्या बैठकीत सॉनी नको तिथे तोंड उघडतो, घरातलं मतभेदाचं गुपित बाहेर जातं आणि त्यातूनच बापाच्या अंगात गोळ्या जातात. टॉमीने मारलेल्या त्या दारूवाल्या पोराला 'पण टॉमी मनाचा मोकळा होता' असं सांगून बघा. हापिसातही मी असे महाभाग पाहिलेत. रिलीजच्या रात्री दोन वाजता फ्रेशर पोरीवर सगळ्यांसमोर ओरडणारे, आणि सकाळी 'मी मनात काही ठेवत नाही हां' म्हणून चहा पाजणारे. तुम्ही मनात ठेवत नाही, पण तिच्या मनात राहतं त्याचं काय? अशांनी डोकं थंड करावं आणि लवकर करावं. त्यांच्या रागात दुसरं कुणी नसतंच, फक्त ते स्वतः असतात.

म्हणजे प्रश्न राग हवा की नको हा नाहीच. राग कुणासाठी, हा आहे. स्वतःच्या तोऱ्यासाठी येणारा राग गेला तर त्याला खुशाल परिपक्वता म्हणा, मी पेढे वाटीन. पण दुसऱ्यासाठी येणारा राग गेला, तर त्याला तेच नाव देऊ नका.

आता मी शुक्रवारी गप्प का बसलो ते सांगतो.

तीन वर्षांपूर्वी माझ्या अप्रेझलमध्ये लिहून आलं होतं, काम उत्तम, पण मॅच्युरिटी कमी. कारण असं होतं की टीममधल्या एकीने तीन महिने खपून लिहिलेलं मॉड्यूल क्लायंटसमोर दुसऱ्याच्या नावावर दाखवलं गेलं आणि मी मीटिंगमध्ये चढ्या आवाजात बोललो. आवाज चढायला नको होता, हे मलाही मान्य आहे. पण मुद्दा बरोबर होता. त्या वर्षी माझी बढती हुकली. मग मी शिकलो. मेल पाठवायच्या आधी दहा मिनिटं थांबायचं. 'हे चूक आहे' ऐवजी 'माझं एक छोटंसं निरीक्षण आहे' म्हणायचं. हळूहळू निरीक्षणंही कमी झाली.

मागच्या वर्षी लीड झालो. पहिलंच अप्रेझल. आमच्याकडे अजूनही ते बेल कर्व्हचं प्रकरण आहे, टीममधलं कुणीतरी एक तळाला गेलंच पाहिजे. टीम सात जणांची, आणि खरं सांगतो, तळाला टाकण्यासारखं त्यात कुणी नव्हतं. पण एकाच्या सुट्ट्या जास्त होत्या. त्याचे वडील सोलापुरात आजारी होते, पोरगा दर आठवड्याला रात्रीच्या एसटीने जायचा आणि सोमवारी पहाटे उतरून थेट कामावर यायचा. कामात कुठे कमी पडला नाही. बैठकीत मला विचारलं, तळाला कोण? मला तेव्हा राग यायला हवा होता. मी आत शोधला, आला नाही. मी शांत आवाजात त्याचं नाव सांगितलं. कारणंही नीट मुद्देसूद दिली.

बाहेर आल्यावर साहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, "यू हॅव रिअली मॅच्युअर्ड."

त्या पोराला मीच सांगितलं, छोट्या मीटिंग रूममध्ये. तो भांडेल म्हणून मी तयारी करून गेलो होतो. तो म्हणाला, "ठीक आहे दादा." एवढंच. आधी रोज चारला आम्ही खाली टपरीवर जायचो. त्यानंतर त्याला रोज चार वाजताच काहीतरी काम निघायला लागलं. दिवाळीनंतर त्याने कंपनी सोडली.

त्याच शनिवारी घरी तिसरा भाग लागला होता. माझा रूममेट व्हिन्सेंट लगेच 'हो' म्हणतो त्यावर हसला, असं कुठे असतं का म्हणाला. मी म्हटलं, असतं. असंच असतं.

म्हणून मी शुक्रवारी बोललो नाही. पंधरा जणांसमोर बोलायला मला अधिकार काय? मीही सुटातलाच.

पण एक फरक आहे. मायकेलने धंदा सोडायचा प्रयत्न केला तर त्याला खेचून परत आणतात. टॉमी, भिकू, सॉनी, सगळ्यांना चुकीची किंमत जीव देऊन मोजावी लागते. आपल्याला काय होणार? फार तर एक बढती जाईल, फार तर पुन्हा 'मॅच्युरिटी कमी' असं लिहून येईल. पगारवाढ तशीही महागाईत वाहून जाते. एवढ्याशा धोक्यासाठी आपण व्हिन्सेंटएवढी किंमत मोजतोय, ह्याचं मला जास्त वाईट वाटतं. त्याच्यासमोर निदान गादी तरी होती. आपल्यासमोर? एक मोठा मॉनिटर आणि पार्किंगची जागा.

ह्या वर्षीची यादी सोमवारी द्यायची आहे. मी ठरवलंय, तळाच्या रकान्यात नाव लिहायचं नाही. तळाला कुणी नाही, असं लिहायचं आणि का ते बैठकीत सांगायचं. आवाज चढू द्यायचा नाही एवढा प्रयत्न करीन, पण चढला तर चढला. नावच हवं असेल तर माझं टाका म्हणेन. हे उद्या रात्रीपर्यंत टिकेल की नाही ठाऊक नाही, म्हणून तुमच्यासमोर लिहून ठेवतोय. म्हणजे मागे फिरायला जरा लाज वाटेल.

असो. खाली दूधवाला आलाय, आणि रूममेट अजून झोपलाय.

टोलनाक्याचं म्हणाल, तर आता फास्टॅग आहे. गाडी थांबवावी लागत नाही.